शरीरातल्या धातूंची तपासणी: सामायिक प्रयोगशाळेत अर्ज कसा करायचा

रक्तातलं जस्त, यकृतातलं तांबं, सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर पेशीत शिरलेलं प्लॅटिनम, पिण्याच्या पाण्यातून केसानखांपर्यंत पोचलेलं आर्सेनिक. हे सगळं मोजणारी यंत्रं फार महाग असतात आणि ती सांभाळायला अनुभवी माणसं लागतात. ती प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावीत अशी गरजही नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतलं 'सैफ' हे सामायिक यंत्रांचं केंद्र बाहेरच्या संशोधकांसाठीही खुलं आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने देशात अशी आणखीही केंद्रं चालतात. कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे, हे 2020 च्या जानेवारीत सुरू झालेल्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतं.

अर्ज पीएचडीचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी, प्राध्यापक, वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, राष्ट्रीय प्रयोगशाळा, स्टार्टअप, कंपन्या असे सगळे करू शकतात. दर मात्र वेगवेगळे असतात. शैक्षणिक संस्थांना सवलत मिळते, उद्योगांना बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. दरपत्रकातल्या आकड्यावर जीएसटी वेगळा लागतो, तेव्हा प्रकल्पाचं बजेट मांडतानाच तो धरा. स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट हवा असलेल्या रुग्णासाठी ही सोय नाही. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने मान्यताप्राप्त पॅथॉलॉजी लॅबमध्येच जावं.

फॉर्म भरण्याआधी एक प्रश्न सोडवा: धातू किती आहे, कुठे आहे, की कोणत्या रूपात आहे? 'किती'साठी आयसीपी, म्हणजे अतितप्त आर्गॉन वायूत द्रावण फवारून त्यातले धातू मोजणारं यंत्र. पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आसपासच्या प्रमाणाला धातूंचा प्रकाश मोजणारं आयसीपी-एईएस पुरतं, पीपीबी (अब्जात एक भाग) आणि त्याखाली जायचं तर आयनांचं वस्तुमान मोजणारं आयसीपी-एमएस लागतं. तांबं किंवा मँगनीज कोणत्या अवस्थेत आहे याचा माग ईपीआर यंत्रावर, म्हणजे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात टिपणाऱ्या यंत्रावर, घेता येतो. ऊतीच्या कापात लोह नेमकं कुठे साठलंय ते पाहायचं असेल, तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राचा, विचार करावा. तिथे सूक्ष्म क्ष-किरण फ्लुरोसन्सची (बारीक क्ष-किरण झोताने कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते दाखवणारी) स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे प्रयोगाची जागा, आहे. पण तिथला अर्ज म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव असतो. हाच बीम का हवा हे तज्ज्ञांना पटावं लागतं, आणि परिसर अणुऊर्जा विभागाचा असल्याने येणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्रं आधी पाठवावी लागतात.

कागदपत्रं फार नाहीत: संस्थेचं ओळखपत्र, मार्गदर्शक किंवा विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, नमुन्यांचा तक्ता, पैसे भरल्याची पावती. माणसाचं रक्त, लघवी किंवा ऊती असतील तर तुमच्या संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी जोडा. प्राण्यांच्या ऊतींसाठी प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी वेगळी. मंजुरी नमुने गोळा करण्याआधीच्या तारखेची हवी, नंतर ती मागून मिळत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नमुन्यांच्या तक्त्यावर. 'रक्त, 20 नमुने, हेवी मेटल' एवढं लिहून ऑपरेटरला काहीच कळत नाही. कोणते धातू, अंदाजे किती प्रमाणात, कोणत्या आम्लात, किती मिली, क्षार किती, संसर्गाचा धोका आहे का, हे सगळं लिहा. एचआयव्ही किंवा कावीळ बी असलेल्या रुग्णाचा नमुना असेल, तर ते लपवणं म्हणजे यंत्रावर बसणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालणं. आयसीपीला शक्यतो पारदर्शक द्रावण द्या. म्हणजे नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्ह डायजेशन करून (बंद भांड्यात तापवून नमुना पूर्ण विरघळवून), गाळून, पातळ करून. आर्सेनिक मोजायचं असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. यंत्रातला आर्गॉन आणि आम्लातलं क्लोरीन मिळून 75 वस्तुमानाचा आयन तयार होतो. आर्सेनिकचं वस्तुमानही 75 च, त्यामुळे नसलेलं आर्सेनिक दिसायला लागतं.

माझ्या नमुन्यांच्या पहिल्याच तुकडीत सीरममधलं (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातलं) जस्त भलतंच जास्त आलं. नशिबाने मी ब्लँक पाठवला होता, म्हणजे नमुना न घालता तेच आम्ल, तीच नळी, तेच सगळे टप्पे. त्या ब्लँकमध्येही जस्त होतं. शोधत गेले तर ते हातमोज्यांतून आलं होतं, कारण रबर पक्कं करताना जस्ताची संयुगं वापरतात. पाच महिन्यांची मेहनत गेली. तेव्हापासून मी रक्त घेण्यापासूनच सुरुवात करते: ट्रेस एलिमेंटसाठी मिळणारी गडद निळ्या टोपीची नळी, काचेऐवजी आम्लात भिजवून धुतलेलं प्लास्टिक, आणि प्रत्येक तुकडीत किमान तीन ब्लँक. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेली साधी जांभळी नळी नको, ईडीटीए धातूलाच धरून ठेवतो. रक्त फुटून सीरम लालसर झालं तर तोही नमुना बाद करा, कारण तांबड्या पेशींमधलं लोह आणि जस्त त्यात मिसळलेलं असतं.

ब्लँक आणि प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच माहीत असतं) यांचे पैसे वेगळे पडतात. तिथे काटकसर करू नका, त्यापेक्षा नमुने दोन कमी पाठवा. ट्यूबवर फक्त संकेतांक लिहा, रुग्णाचं नाव कधीही नको. झाकणं पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायच्या मेणचट पट्टीने) बंद करा आणि तक्त्याची एक प्रत डब्यात ठेवा. निकाल आला की आकड्यांसोबत ब्लँकचे आणि कॅलिब्रेशनचे (माहीत असलेल्या द्रावणांवर यंत्र जुळवतानाचे) आकडेही मागून घ्या. उरलेले नमुने परत हवे असतील तर ते अर्जातच लिहा, नाहीतर काही काळाने ते टाकून देतात.