स्तेपमधली कोरियन नाटक मंडळी

कझाकस्तानातल्या अल्माटी शहराच्या कोरियन नाट्यगृहात नाटक कोरियन भाषेत होतं आणि प्रेक्षकांतले बरेचजण ते कानाला हेडफोन लावून रशियनमध्ये ऐकतात. हे काही पाहुणे पर्यटक नव्हेत. यांतल्या अनेकांची आडनावं किम, पाक, ली, त्सोय अशीच असतात. पणजोबांची भाषा समजत नाही, पण नाटक मात्र त्याच भाषेत व्हायला हवं, असा हा प्रेक्षक.

के-पॉप आणि मालिकांमुळे आपली अशी समजूत झाली आहे, की कोरियाबाहेर कोरियन कलांचा आनंद घेणं ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली गोष्ट आहे. अल्माटीची ही नाटक मंडळी 1932 सालची. दक्षिण कोरिया नावाचं राष्ट्र 1948 मध्ये जन्माला आलं, त्याच्या सोळा वर्षं आधीची. आणि तिची सुरुवात कझाकस्तानात झालीच नव्हती.

1860 मध्ये चीनशी झालेल्या पेकिंगच्या तहाने जपानी समुद्रालगतचा मोठा मुलूख रशियाला मिळाला आणि तुमेन नदीवर रशिया-कोरिया अशी छोटीशी सीमा तयार झाली. पलीकडच्या काठावर कोरियाचा हामग्योंग प्रांत, डोंगराळ आणि गरीब. 1863 पासून तिथली कुटुंबं नदी ओलांडून रशियन हद्दीत शेती करायला येऊ लागली. 1869 च्या दुष्काळाने लोंढा वाढला. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळला, तेव्हा शेतकऱ्यांपाठोपाठ संपादक, शिक्षक, क्रांतिकारक असे सगळेच आले. व्लादिवोस्तोक या रशियन बंदरात शिनहानचोन नावाची कोरियन वस्ती उभी राहिली. कोरियन लोक ज्याला आज स्वातंत्र्यलढा म्हणतात, त्याचा बराच कारभार तिथून चालत असे.

सोव्हिएत सत्ता आल्यावर सुरुवातीची काही वर्षं या लोकांना बरी गेली. 1923 मध्ये व्लादिवोस्तोकमधून कोरियन वृत्तपत्र निघालं, 1931 मध्ये कोरियन शिक्षक घडवणारी संस्था उघडली, आणि 9 सप्टेंबर 1932 ला त्याच शहरात ही कोरियन नाटक मंडळी स्थापन झाली. मोठ्या शहरातली, सरकारी पगारावरची मंडळी. किम जिन, ली हाम-दोक, नाटककार ते जांग-चुन आणि यन सोंग-योंग ही तिच्या पहिल्या फळीतली माणसं.

पाच वर्षांनी सगळं उलटलं. 21 ऑगस्ट 1937 ला स्तालिन आणि मोलोतोव यांच्या सहीने ठराव झाला, की रशियाच्या अतिपूर्वेतल्या सीमाभागातून सगळे कोरियन हलवायचे. कारण दिलं होतं जपानी हेरगिरी रोखण्याचं. ज्या जपानपासून पळून ही माणसं आली, त्याच जपानचे हस्तक म्हणून त्यांची रवानगी झाली. ऑक्टोबरअखेर गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याने वर हिशेब कळवला: 124 आगगाड्या, 36,442 कुटुंबं, 1,71,781 माणसं. पैकी 95 हजारांवर कझाकस्तानात, बाकीची उझबेकिस्तानात. प्रवास साधारण 6,000 किलोमीटरचा, मालडब्यांतून, महिनाभराचा. शिकल्या-सवरलेल्यांपैकी शेकडो लोकांना त्याआधीच पकडून नेलं होतं. कवी-कथाकार जो म्योंग-ही याला 1938 मध्ये गोळी घालण्यात आली.

कझाकस्तानातल्या उश्तोबे स्टेशनाजवळ बास्तोबे नावाची टेकडी आहे. तिथे उतरवलेल्या लोकांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून, वर गवत-बोरू टाकून काढला. आसपासच्या कझाक कुटुंबांनी भाकरतुकडा दिला नसता तर आणखी किती मेले असते, हे कोरियन लोक आजही बोलून दाखवतात.

नाटक मंडळीची रवानगी कझाकस्तानातल्याच क्झिलोर्डा शहरात झाली. इथेच या इतिहासातली खरी विलक्षण गोष्ट आहे. 1938 मध्ये कोरियन शाळा रशियन माध्यमाच्या झाल्या, शिक्षक-संस्थाही. ग्रंथ गेले, अभ्यासक्रम गेला. राहिलं काय? ‘लेनिन किची’ या नव्या नावाने निघालेलं एक वृत्तपत्र आणि ही नाटक मंडळी. सरकारचं त्या काळातलं सूत्रच होतं, की कला रूपाने राष्ट्रीय आणि आशयाने समाजवादी असावी. अमुक एका जमातीचं थिएटर आहे म्हणजे ती जमात सुखात आहे, असं कागदावर दाखवता येतं. शाळेचा तसा उपयोग नाही. माझ्या मते मंडळी तगली ती कुणाच्या कृपेने नव्हे, या हिशेबाने.

पण मंडळींनी त्या फटीतून काय काय आत आणलं ते पाहण्यासारखं आहे. सामूहिक शेतीची, विक्रमी पिकाची नाटकं करावी लागत, तशी केली. शेक्सपियर केला, रशियन आणि कझाक नाटकं कोरियनमध्ये आणली. आणि सोबत जुन्या कथा ठेवल्या, त्यांत सर्वांत लाडकी चुनह्यांगची. पान्सोरी म्हणजे एक गायक आणि एक ढोलकिया, तासन्‌तास चालणारं कथागायन; ही कथा त्या परंपरेतली. नामवोन गावातल्या गणिकेची मुलगी चुनह्यांग आणि अधिकाऱ्याचा मुलगा मोंग-र्योंग चोरून लग्न करतात. तो राजधानीला जातो. नवा सुभेदार येतो आणि तिला स्वतःसाठी मागतो. ती नाही म्हणते, फटके खाते, तुरुंगात पडते. सुभेदाराच्या वाढदिवसाच्या मेजवानीत एक फाटका भिकारी शिरतो, आणि ऐन रंगात आलेल्या जेवणावळीत आरोळी उठते की राजाचा गुप्त निरीक्षक आला आहे. घोडे कोरलेलं धातूचं पदक पुढे येतं, भिकारी म्हणजे मोंग-र्योंगच निघतो, आणि पाहुणे पळता भुई थोडी होऊन टेबलाखाली, दाराआड लपू लागतात.

सेन्सॉरच्या नजरेने पाहिलं तर ही सरंजामी जुलमाविरुद्धची गोष्ट, अगदी साजेशी. पण समोर बसलेला शेतकरी एका रात्रीत घरातून उपटला गेलेला होता. वरून आलेला माणूस अन्याय दूर करतो, हे दृश्य तो कसं पाहत असेल? ली हाम-दोक चुनह्यांगच्या भूमिकेसाठी ओळखली गेली आणि पुढे कझाक प्रजासत्ताकाची लोककलाकार झाली.

याच क्झिलोर्डाच्या नाट्यगृहात एक म्हातारा राखणदार होता. होंग बम-दो. 1868 चा जन्म, मूळचा शिकारी, जून 1920 मध्ये मांचुरियातल्या फंगवूडोंगच्या लढाईत जपानी तुकडीला हरवणारा सेनानी. तोही 1937 च्या गाडीत होता. ते जांग-चुनने त्याच्यावर नाटक लिहिलं आणि 1942 मध्ये मंडळीने ते रंगमंचावर आणलं, नायक हयात असताना. 25 ऑक्टोबर 1943 ला होंग वारला, जपानची हार न पाहता. त्याच्या अस्थी 15 ऑगस्ट 2021 ला, म्हणजे कोरियाच्या मुक्तिदिनी, विमानाने सोलला आल्या. दोनच वर्षांनी सोलमधल्या लष्करी अकादमीतला त्याचा पुतळा हलवावा की नाही यावर वाद पेटला, कारण तो कम्युनिस्ट पक्षात होता. परदेशात जपलेला नायक मायदेशाच्या राजकारणात चपखल बसतोच असं नाही.

मंडळीचं बिऱ्हाड नंतरही हलत राहिलं: 1942 मध्ये उश्तोबे, 1959 मध्ये पुन्हा क्झिलोर्डा, 1968 मध्ये तेव्हाची राजधानी अल्माटी. मधल्या काळात स्तालिन गेला आणि कोरियन लोकांवरची प्रवासबंदी उठली. गट करून दूरदूरच्या जमिनी खंडाने घ्यायच्या, कांदा-कलिंगड पिकवायचं आणि हिवाळ्याला घरी परतायचं, हा धंदा अनेकांनी धरला. मंडळीही सामानसुमान घेऊन वस्त्या-वस्त्यांना दौरे काढी. 1968 मध्येच तिच्यासोबत ‘आरिरांग’ हा गाण्या-नाचाचा ताफा उभा राहिला आणि तो सोव्हिएत संघभर फिरला.

भाषा मात्र ओसरत होती. घरात बोलली जाई ती हामग्योंगची बोली, रशियन शब्द मिसळलेली, शाळेत कुणी न शिकवलेली. अशा वेळी मंडळीला रसद मिळाली ती अनपेक्षित दिशेने. 1950 च्या दशकात उत्तर कोरियाने मॉस्कोला शिकायला पाठवलेल्या तरुणांपैकी काहींनी 1958 च्या सुमारास किम इल-सुंगची व्यक्तिपूजा नाकारून परत जायला नकार दिला. त्यांतला हान जिन चित्रपट संस्थेत शिकलेला. तो पुढे याच थिएटरचा नाटककार झाला. दुसरा संगीतकार जोंग चू, मूळचा दक्षिणेतल्या ग्वांगजूचा. त्याला अल्माटीला धाडण्यात आलं. त्याने सामूहिक शेतांवर हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी गोळा केली आणि स्वरलिपीत उतरवली. त्यांत जुनी लोकगीतं होती, तशीच मध्य आशियात रचलेलीही. दक्षिणेत जन्मलेल्या, उत्तरेतून निसटलेल्या माणसाने तिसऱ्याच देशात हे काम करावं! कोरियाच्या विसाव्या शतकाचा नकाशा या एका माणसाच्या पत्त्यांवरून काढता येईल.

परदेशी वस्तीतली संस्कृती म्हणजे एकदा बांधून नेलेलं गाठोडं, असं आपण सहज बोलतो. इथे तसं झालेलं नाही. दर वीस-तीस वर्षांनी कुणीतरी नवा निर्वासित येऊन त्यात भर घालत गेला, म्हणून ती टिकली.

सर्वसामान्य घरांत तर रंगमंचापेक्षा पानावर आणि समारंभांत कोरिया जास्त उरला. मुलाचा पहिला वाढदिवस, साठी, आणि 5 एप्रिलच्या सुमारास कबरींवर जाऊन गवत काढणं, हे चुकत नाही. किमचीसाठी, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीसाठी, लागणारा लांबट कोबी सहज मिळेना, म्हणून गाजर आलं. गाजराच्या लांब बारीक काड्या करायच्या, मीठ-साखर-व्हिनेगर चोळायचं, वर ठेचलेला लसूण, लाल तिखट, धणेपूड, आणि त्यावर कडकडीत तेल ओतायचं. चर्र आवाज आला की झालं. याला मोर्कोव्चा म्हणतात. मध्य आशियापासून मॉस्कोपर्यंत हाच ‘कोरियन पदार्थ’ म्हणून माहीत. अल्माटीच्या हिरव्या बाजारात कोरियन बायकांच्या सॅलडांची अख्खी रांग असते. कोरियातल्या स्वयंपाकघरांना मात्र हा पदार्थ ठाऊक नव्हता. धण्याचा वास आपल्या नाकाला घरचा वाटेल.

1988 च्या सोल ऑलिम्पिकने दार किलकिलं केलं. त्या निमित्ताने बोल्शोई थिएटरची गायिका ल्युदमिला नाम, कझाकस्तानातल्या कोरियन घरातली, सोलमध्ये गायली. 30 सप्टेंबर 1990 ला मॉस्को आणि सोल यांच्यात राजनैतिक संबंध जुळले. 1991 मध्ये ‘लेनिन किची’ ‘कोर्यो इल्बो’ झालं, अल्माटीत सोलच्या सरकारचं शिक्षणकेंद्र उघडलं, आणि भाषेचे वर्ग पुन्हा भरले. शिकवली गेली ती सोलची प्रमाण कोरियन. आजीची बोली आणि वर्गातली भाषा यांचा मेळ बसेना. पैसा, पुस्तकं, वाद्यं, नृत्यशिक्षक सगळं आलं, हे खरं. पण कुठली संस्कृती ‘खरी’ कोरियन, हे ठरवण्याचा अधिकारही त्याबरोबर सोलकडे गेला. हा सौदा एकतर्फी होता असं मला वाटतं, जरी तिथल्या बहुतेकांना तो हवाच होता.

2010 मध्ये अस्ताना या नव्या राजधानीत कोरियन सांस्कृतिक केंद्र आलं. नव्या पिढीत तिथे आणि भाषेच्या वर्गांना येणाऱ्यांत कझाक मुलंमुली भरपूर. त्यांना 1937 शी देणंघेणं नाही, त्यांना गाण्यांचे बोल कळायला हवे असतात. 2015 मध्ये नाइन्टी वन हा कझाक भाषेत गाणारा मुलांचा गट निघाला. त्यातला एकजण सोलमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेला, साचा के-पॉपचा. सुरुवातीला त्यांचे रंगवलेले केस आणि कानातली पाहून काही गावांतून कार्यक्रम बंद पाडले गेले. आता कझाक पॉपची ती मुख्य धारा आहे.

कझाकस्तानातल्या लाखभर कोरियनांपैकी बऱ्याच जणांची वाट याच काळात उलटी झाली. 2007 मध्ये दक्षिण कोरियाने परदेशस्थ कोरियनांसाठी नोकरीचा नवा व्हिसा काढल्यावर आन्सानचे कारखाने आणि ग्वांगजूचा एक भाग मध्य आशियातून आलेल्या कुटुंबांनी भरले. तिथे रशियन पाट्यांची दुकानं आहेत, तंदुरातली गोल रोटी मिळते आणि मोर्कोव्चाही. चौथ्या पिढीतल्या मुलांना सज्ञान झाल्यावर देश सोडावा लागे. कायद्यातला तो अडसर 2019 मध्ये काढण्यात आला. ही मुलं शाळेत कोरियन शिकतात ती परकी भाषा म्हणून, आणि मधल्या सुट्टीत आपसात रशियन बोलतात.