सोलापूरच्या शशिकला : पंचवीस रुपयांच्या कव्वालीपासून खलनायिकेच्या शिक्क्यापर्यंत

हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा, सोलापूरचा. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचे भोंगे आणि कापडाच्या पेढ्या. वडिलांचाही कापडाचाच धंदा, आणि चांगला चालणारा. सहा भावंडांतली ही मुलगी पाचव्या वर्षापासूनच जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचावर नाचत-गात होती. पुढे धंदा बुडाला आणि पोरीला सिनेमात काम मिळेल या आशेवर घर मुंबईला हललं.

स्टुडिओंचे उंबरठे झिजवताना गायिका-अभिनेत्री नूरजहाँ भेटल्या. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा ‘झीनत’ (१९४५) करत होते. त्यातल्या ‘आहें ना भरीं, शिकवे ना किए’ या बायकांच्या कव्वालीत शशिकलांना बसवलं गेलं, मोबदला २५ रुपये. घोळक्यात बसायचं काम सोपं वाटतं, तसं ते नसतं. आवाज दुसऱ्याचा, त्यावर ओठ जुळवायचे. आणि कव्वालीत टाळी नुसती ऐकू येत नाही, दिसतेही. एकीचा हात अर्धी मात्रा मागे राहिला की प्रेक्षकाची नजर नेमकी तिच्यावर जाते आणि सगळ्यांचा शॉट पुन्हा घ्यावा लागतो. त्यात युद्धामुळे कच्च्या फिल्मवर नियंत्रण, म्हणजे रीटेक महाग. गावोगावच्या रंगमंचावर मुरलेला ठेका इथे उपयोगी पडतो.

रिझवींच्याच ‘जुगनू’ (१९४७) चित्रपटानंतर फाळणी झाली, नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले आणि हक्काचा आधार तुटला. मग किरकोळ भूमिका, व्ही. शांताराम यांचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) त्याच काळातला. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) त्या रमा झाल्या, घरची लाडकी, सरळ मनाची मुलगी. ‘बचपन के दिन’ हे गाणं नूतन आणि त्यांच्यावर आहे. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली होती. पण रेडिओवर नाव घेतलं जातं ते गाणाऱ्यांचं, इथे गीता दत्त आणि आशा भोसले यांचं. पडद्यावर ओठ हलवणारीला रेडिओचा फायदा तसा कमीच.

शिक्का बसला तो ‘आरती’मुळे (१९६२). राजश्री प्रॉडक्शन्स या निर्मितीसंस्थेचा हा पहिला चित्रपट. मीना कुमारींच्या समोर शशिकला जाऊ जसवंतीच्या भूमिकेत. इतर चित्रपटांतली ललिता पवारांची खाष्ट सासू दरडावते. ही जाऊ गोड बोलून घर फोडते. दुसऱ्या प्रकारात चूक लवकर होते : कावा चेहऱ्यावर आधीच दिसला तर घरातली माणसं मूर्ख वाटू लागतात आणि प्रसंग कोसळतो.

बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’मधली (१९६३) लीला याहून अवघड. ती आपण नायिका मीनाच्या प्रियकराची बायको असल्याचं सांगून मीनाला धमकावत पैसे उकळते. शेवटी कळतं की ती मीनाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे आणि हे सगळं त्याच्याच सांगण्यावरून केलेलं नाटक होतं. म्हणजे नटी एका बाईचं काम करते, आणि ती बाई दुसऱ्या बाईचं. रहस्य फुटेपर्यंत धमकी शंभर टक्के खरी वाटली पाहिजे, आणि फुटल्यावर मागचं काही खोटंही पडता कामा नये. या दोन्ही भूमिकांसाठी लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आमच्या मते ‘गुमराह’चा जास्त कमावलेला.

बक्षिसाने दारही बंद केलं. खलनायिकेचं काम थोड्या दिवसांचं असतं, त्यामुळे एका वेळी चार-पाच चित्रपट घेता येतात. निर्मात्यालाही हमखास चाललेला चेहराच हवा असतो. मग तीच भुवई, तीच सिगारेट, तेच हसणं. ‘अनुपमा’त (१९६६) हृषीकेश मुखर्जींनी त्यांना उलटं वापरलं : अबोल शर्मिला टागोरांच्या शेजारी अखंड बडबडणारी, मोकळी ॲनी. ‘भीगी भीगी फज़ा’ हे गाणं तिचंच. त्या बडबडीत कुठेही विष नाही, हे आज पाहतानाही नवल वाटतं.

मधल्या काळात त्या चित्रपटांपासून दूर गेल्या आणि कोलकात्यात मदर तेरेसांच्या सेवाकार्यात राहिल्या. परतल्यावर आई-आजीच्या भूमिका : ‘बादशाह’ (१९९९), ‘कभी खुशी कभी गम’ (२००१), आणि टीव्हीवर ‘सोनपरी’. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी, ८८ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.