नकय (मालदीवचे नक्षत्र-पंचांग)

मालदीवमध्ये वर्षाचे सत्तावीस भाग पाडून वारा, समुद्र आणि पाऊस यांचा हिशेब ठेवण्याची जी पद्धत आहे तिला, आणि त्यातील प्रत्येक भागालाही, ‘नकय’ म्हणतात. मालदीवच्या दिवेही भाषेत हा शब्द लिहिताना शेवटी ‘त्’ काढतात, उच्चारताना मात्र त्याचा ‘य्’ होतो. लेखनातले हे ‘नकत्’ प्राकृतातल्या ‘नक्खत्त’चे, म्हणजे आपल्या ‘नक्षत्रा’चे, सख्खे भावंड आहे. एक नकय तेरा किंवा चौदा दिवसांचा असतो.

नावे ऐकताना मराठी कानाला थोडा धीर धरावा लागतो. दिवेहीत जुन्या ‘प’चा ‘फ’ झाला आणि ‘स’चा बहुतेक ठिकाणी ‘ह’ झाला. म्हणून पुष्य म्हणजे फुस, पुनर्वसू म्हणजे फुनोस, श्रवण म्हणजे हुवन आणि स्वाती म्हणजे नुसते ‘हे’. उत्तराषाढेचे उतुराहळा झाले आहे आणि त्यातला ‘ळ’ शाबूत आहे. केति (कृत्तिका), रोनु (रोहिणी), मा (मघा), रेवा (रेवती) ही नावे सहज ओळखू येतात. मियहेलियात मृगशीर्ष आणि दोशमध्ये ज्येष्ठा शोधावी लागते. मालदीवने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारला, तरी ही नावे टिकली. त्यामागे व्यवहार आहे. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असल्याने त्याचे महिने ऋतूंमधून दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. रोजे आणि ईद त्यावर ठरतात, पण समुद्रावर कधी जावे हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी सूर्याला बांधलेला नकयच लागतो.

सत्तावीस नकय दोन मोसमांत विभागले आहेत, पण वाटणी सारखी नाही. ‘हुळंगु’ म्हणजे पश्चिम. हुळंगु मोसम हा नैर्ऋत्य वाऱ्यांचा, ८ एप्रिलला अस्सिद (अश्विनी) लागल्यापासून ९ डिसेंबरला दोश संपेपर्यंतचा. त्यात अठरा नकय येतात. ‘इरुवई’ मोसम ईशान्य वाऱ्यांचा. तो १० डिसेंबरला मुला (मूळ) लागल्यावर सुरू होतो, ७ एप्रिलला रेवा संपेपर्यंत चालतो आणि त्यात नऊ नकय असतात. ३६५ दिवस जुळवायचे तर चौदा नकय चौदा दिवसांचे आणि तेरा नकय तेरा दिवसांचे हवेत, आणि तसेच ते आहेत. इरुवईतल्या नऊपैकी सात नकय तेरा दिवसांचे आहेत, तर एप्रिल ते जुलैमधले चौदा दिवसांचे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा सूर्य आकाशात जरा भराभर सरकताना दिसतो, जुलैत रेंगाळतो. हा फरक या दिवसगणतीत उतरला आहे. आता मात्र तारखा इंग्रजी कॅलेंडरला पक्क्या आहेत. लीप वर्षातला जादा दिवस २७ फेब्रुवारीपासूनच्या फुराबदुरुवात (पूर्वाभाद्रपदा) पडतो.

महाराष्ट्रातला शेतकरीही पाऊस नक्षत्रांनीच मोजतो. ७-८ जूनला मृग लागते, मग आर्द्रा, तरणा, म्हातारा असे करत हत्तीच्या पावसापर्यंत नऊ नक्षत्रे. मालदीवचा मियहेलिया ३ जूनला लागतो, म्हणजे आपल्या मृगाच्या चारपाच दिवस आधी. खरा फरक वेगळाच आहे. आपल्याकडे नक्षत्राला विचारतात ते पेरणीबद्दल. मालदीवमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर जमीन ११९२ बेटांत विखुरलेली आहे आणि ती समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच वर आहे. तिथे नकयाला विचारतात ते वारा कुठून येईल, प्रवाह कुठे वाहील आणि होडी कुठल्या बाजूला बांधावी, हे मुख्यतः.

ठोकताळे थोडक्यात असे. अस्सिद वादळाने उघडतो, बुरुनुत (भरणी) समुद्र निवळतो, केतित काळे ढग आणि वारंवार पाऊस. रोनु आणि मियहेलियात वारा जोराचा, समुद्र खवळलेला. मा कोरडा, अता (हस्त) शांत, हिता (चित्रा) सरींचा. मुलापासून ईशान्य वारा धरतो. हियविहात (शततारका) पाणी आरशासारखे होते, फसबदुरुवात (उत्तराभाद्रपदा) ऊन तापते आणि रेवा विजांच्या कडकडाटात वर्ष संपवतो. मासेमारी होडीचा प्रमुख, केयोळु, हे तोंडपाठ म्हणतो. पूर्वीच्या व्यापारी होड्या कवड्या, सुके मासे आणि काथ्या घेऊन हुळंगुच्या वाऱ्यावर सिलोन-बंगालकडे जात आणि इरुवईवर परतत. परतीचा वारा चुकला तर पुढच्या मोसमापर्यंत परमुलखात मुक्काम ठरलेला. नकयतेरिया, म्हणजे जोतिषी, याच गणनेवरून होडी पाण्यात सोडण्याचा किंवा घराच्या पायाचा दिवस काढून देई.

वारा उलटला की समुद्रातला प्रवाहही उलटतो. हुळंगुत पाणी साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, इरुवईत उलट. बा प्रवाळद्वीपाच्या पूर्व कडेवरील हनिफारू खाडीत हुळंगुच्या दिवसांत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचते आणि ते खायला मांटा मासे गर्दी करतात. टूना गळाने एकेक करून पकडण्याच्या पद्धतीलाही या प्रवाहाची जाण लागते. गळाला उलटा काटा नसतो, आमिष मात्र जिवंत लागते. पहाटे खडकांजवळ पकडलेले छोटे मासे होडीच्या तळाशी वाहत्या समुद्रपाण्यात जिवंत ठेवतात. आमिष मिळाले नाही तर टूनाचा थवा समोर असूनही होडी रिकामी परतते.

सर्वांत जास्त फसगत होते ती वाळूच्या बाबतीत. हुळंगुच्या लाटा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची वाळू उचलून पूर्वेला नेऊन टाकतात, इरुवईत ती परत येते. एकच मोसम पाहून पुळणीच्या रुंदीवर भिंत किंवा घर बांधणाऱ्याच्या पायाखालची वाळू सहा-आठ महिन्यांत निघून जाते. बंदराचा बांध किंवा आडवी भिंत घातली की वाळू एका बाजूला अडते, परतीचा प्रवास थांबतो आणि दुसरी बाजू दरवर्षी खचत जाते. ही धूप पुष्कळदा समुद्र चढल्याच्या नावावर खपवली जाते. पण प्रत्येक ठिकाणी दोष समुद्राचा नसतो, कधी तो सिमेंटचाही असतो.

पाण्याचा हिशेबही इरुवईशी बांधलेला आहे. बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जानेवारी ते मार्च हे सर्वांत कोरडे महिने. त्या काळात विहिरीतून जोरात उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते आणि पुढच्या पावसापर्यंत विहीर वाया जाते. म्हणून छतावरचे पाणी दोशपर्यंत टाकीत भरून घेतात.

नकयाच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. अस्सिद ८ एप्रिलला लागला म्हणजे त्या दिवशी नैर्ऋत्य वारा आलाच असे नाही. एप्रिल हा हवामानशास्त्राच्या दृष्टीने संक्रमणाचा महिना आहे, वारा मे महिन्यातच स्थिरावतो. देश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ८७० किलोमीटर पसरलेला आहे आणि दक्षिणेत उत्तरेपेक्षा जास्त पाऊस पडतो, त्यामुळे एकच ठोकताळा दोन्ही टोकांना सारखा लागू पडत नाही. दूरच्या वादळांपुढे तर नकय मुकाच असतो. मे २००७ मध्ये दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आल्या आणि अनेक बेटांवर पाणी चढले. तेव्हा केति चालू होता. परंपरेनुसार त्यात अपेक्षा पावसाची असते, समुद्र घरात येण्याची नव्हे.