घरातली हिंसा मोजण्याच्या प्रश्नावलीची पार्श्वभूमी

नवऱ्याकडून होणारी मारझोड किती घरांत होते, याचं उत्तर भारतात बरीच वर्षं फक्त पोलिसांच्या कागदांत शोधलं जायचं. त्या कागदांतही १९८३ पर्यंत ती वेगळी दिसायची नाही, कारण ती 'दुखापत' या सर्वसाधारण कलमांखाली जायची. १९८३ मध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब आलं, आणि तेव्हा कुठे या गुन्ह्यांची स्वतंत्र मोजदाद सुरू झाली.

पण पोलिसांचा आकडा तक्रारींचा असतो. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. खुनाच्या गुन्ह्यासोबत लावलेलं छळाचं कलम त्या वर्षीच्या तक्त्यात दिसतच नाही. ही तूट किती मोठी असू शकते, हे जळून झालेल्या मृत्यूंच्या अभ्यासाने दाखवलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेल्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात १,६३,००० हून अधिक माणसं जळून मेली. त्यात सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या आकड्याच्या हे सहापट होतं. यातला प्रत्येक मृत्यू घातपाताचा नव्हता, हे खरं. पण 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढ्या नोंदीवर किती प्रकरणं मिटली असतील, हा प्रश्न या आकड्यानंतर टाळता येत नाही.

पोलिसांऐवजी थेट नवरा-बायकोलाच विचारण्याची पद्धत अमेरिकेत आकाराला आली. मरे स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञाने १९७५ च्या राष्ट्रीय पाहणीत वापरलेली आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी 'हिंसा' हा शब्द बाजूला ठेवते. ती कृती विचारते: ढकललं का, थप्पड मारली का, लाथ घातली का, शस्त्राचा धाक दाखवला का. तिच्यावर कडक टीका झाली आणि ती रास्त होती. सुरुवात कोणी केली, कोणी स्वतःला वाचवण्यासाठी हात उचलला, इजा कोणाला झाली, यातलं काहीच मूळ मोजपट्टीत येत नव्हतं, त्यामुळे नवरा-बायको सारखेच हिंसक ठरत. तरीही कृती विचारण्याचं तत्त्व टिकलं.

ते का टिकलं, हे आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे या सर्वेक्षणाची सूत्रं आहेत. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत मारहाणीबद्दल सरसकट विचारलं होतं: वयाच्या पंधराव्या वर्षापासून कोणी मारलं किंवा शारीरिक छळ केला का? नवऱ्याचं नाव १९ टक्के विवाहित स्त्रियांनी घेतलं. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एकेक कृती विचारली: ढकलणं किंवा काही फेकून मारणं, थप्पड, हात पिरगाळणं किंवा केस ओढणं, बुक्की, लाथा घालणं किंवा फरपटणं, गळा दाबणं किंवा जाळण्याचा प्रयत्न, शस्त्राचा धाक किंवा हल्ला. आता शारीरिक हिंसा ३५ टक्क्यांवर गेली. सहा-सात वर्षांत मारझोड जवळजवळ दुप्पट झाली असं मानायला आधार नाही. थप्पड बसली तरी 'मला मारहाण होते' असं बाई म्हणत नाही, पण थप्पडेबद्दल विचारलं की सांगते.

विचारण्याची रीतही ठरलेली आहे. एका घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारतात. पात्र स्त्रिया अधिक असतील तर यादृच्छिक तक्त्याने एक निवडतात. जावेलाही विचारलं तर काय विचारलं जातंय हे घरभर कळेल, आणि त्याची किंमत उत्तर देणारीला मोजावी लागेल. एकांत नसेल तर हा भाग वगळायचा. सासू मध्येच आत आली तर मुलाखत घेणारीने विषय बदलायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सुरक्षाविषयक सूचना तर अशा वेळेसाठी साध्या प्रश्नांची वेगळी यादी हाताशी ठेवायला सांगतात. एकांत मिळाला नाही म्हणून गळलेल्या स्त्रिया मात्र कदाचित सर्वाधिक पहाऱ्यात राहणाऱ्या असतात, त्यामुळे आलेला आकडा किमान धरावा.

शारीरिक किंवा लैंगिक, अशी नवऱ्याकडून झालेली हिंसा तिसऱ्या फेरीत ३७ टक्के होती, चौथीत (२०१५-१६) ३१ आणि पाचवीत (२०१९-२१) २९. ही घट वाचताना मदतीचा आकडाही शेजारी ठेवायला हवा: पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. पाचव्या फेरीचं काम दोन टप्प्यांत झालं, आणि महाराष्ट्र व गोवा पहिल्या टप्प्यात होते. तो जानेवारी २०२० मध्येच संपला. टाळेबंदीच्या काळात इथल्या घरांत काय घडलं, हे शोधायला म्हणून या सर्वेक्षणाचा राज्याचा आकडा वापरता येत नाही.