पदवीचं क्रेडिट, वर्षं आणि फी: बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनी प्रवेशाआधी काय पाहावं

एफवाय झाल्यावर कॉलेज सोडावं लागलं तर हातात काय येतं? जुन्या पद्धतीत उत्तर सोपं होतं: टीसी आणि मार्कशीट. नव्या शैक्षणिक धोरणात यावर प्रमाणपत्र मिळू शकतं, पण आपोआप नाही. ते मिळण्यासाठी आधी क्रेडिटचा, म्हणजे सरकारी भाषेत श्रेयांकाचा, हिशेब कळायला हवा.

हिशेब तासांचा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार एका सत्रात आठवड्याला एक तास वर्गात शिकवलं, म्हणजे साधारण 15 तास झाले, की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला मात्र दुप्पट वेळ, म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. त्यामुळे चार क्रेडिटचा थिअरीचा विषय 60 तासांचा, आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकलही 60 तासांचंच. बीएस्सीची मुलं संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत का अडकतात, ते यात आलं. चार क्रेडिटची इंटर्नशिप धरली तर 120 तास. तिचं पत्र आणायला शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

महाराष्ट्राने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने हा आराखडा आपल्या चौकटीत बसवला. स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठांच्या विभागांत तो 2023-24 पासून, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली असं सगळं येतं. वेळापत्रकात ही नावं पाहून पालक गोंधळतात, ते स्वाभाविक आहे. तुम्ही फक्त एवढं पाहा की सत्राची बेरीज 20 च्या खाली जात नाही ना.

आता वर्षं. पहिल्या वर्षाअखेर 40 ते 44 क्रेडिट आणि त्यावर कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे आणखी चार मिळवले, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या वर्षाअखेर 80 ते 88 आणि वरचे चार असतील तर पदविका. तीन वर्षं आणि 120 ते 132 क्रेडिटला पदवी, चार वर्षं आणि 160 ते 176 ला ऑनर्स पदवी. वरचे ते चार क्रेडिट बहुतेक जण विसरतात. 42 क्रेडिट खात्यात असूनही ते चार नसतील तर प्रमाणपत्र मिळत नाही.

आणखी एक फसगत एटीकेटीची. एटीकेटीवर पुढच्या वर्गात बसायला मिळतं, पण नापास विषयाचं क्रेडिट तो विषय सुटेपर्यंत जमा होत नाही. वर्ग एसवायचा आणि खात्यात 36 क्रेडिट, अशी स्थिती सहज येते.

बाहेर पडल्यावर यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची असते.

चौथं वर्ष घ्यावं का? संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात, आणि चौथ्या वर्षात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षं केलेल्याला एमए, एमएस्सी एका वर्षात होऊ शकतं, तीन वर्षांवाल्याला दोन वर्षं. म्हणजे पदव्युत्तर धरून दोन्ही वाटा पाच वर्षांच्याच. माझं मत विचाराल तर स्पर्धा परीक्षेच्या मागे लागणाऱ्याने तीन वर्षांवर थांबावं; पीएचडीचा विचार असेल तर चौथं वर्ष कामाचं. मात्र तुमच्या कॉलेजात, तुमच्या विषयात चौथं वर्ष आहे का, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारा.

क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. त्याचा 12 अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढता येतो, त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा. क्रेडिट विद्यार्थी भरत नाही, संस्था भरते. तुमचं काम नाव जुळवण्याचं. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यात अनेकांची नोंद अडते. दुरुस्ती पहिल्या सत्रातच करून घ्या, निकालाच्या आठवड्यात ते काम कोणी हातात घेत नाही.

फीचं गणित वेगळं. आपल्याकडे फी सर्वसाधारणपणे वर्षाची किंवा सत्राची ठरते, क्रेडिटमागे नाही. एखादा विषय स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून केला (सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तसे करता येतात, विद्यापीठाने मान्य केले असतील तर), म्हणून कॉलेजची फी तेवढी कमी होईल असं धरू नका. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. पावती त्याच्याशी ताडून पाहा. देणगी मागणं 1987 च्या कायद्याने गुन्हाच आहे, तिला विकास निधी म्हटलं तरी.

सवलतीबाबत सर्वांत जास्त गैरसमज मुलींच्या मोफत शिक्षणाचा. 8 जुलै 2024 च्या निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत दिली आहे. ती ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात प्रवेश घेतला तर ती नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, दरवर्षी नव्याने. हाताशी ठेवा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवर्गानुसार जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, प्रवेशाचं वाटपपत्र, फीची पावती, शिधापत्रिका आणि आधार जोडलेलं बँक खातं. मधे वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्रही. उत्पन्नाच्या दाखल्याला सेतू केंद्रात जून-जुलैत रांग लागते, म्हणून बारावीचा निकाल लागायची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. खातं आधारशी जोडलेलं आहे एवढ्यावर थांबू नका. सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते सुरू आहे का आणि आधारशी शेवटचं जोडलेलं खातं तेच आहे का, हे बँकेत विचारून घ्या.