डिफेन्सचा माल बाहेरच्या देशात पाठवायचाय? परवानगी कोण देतं, कागद काय लागतात

बऱ्याच जणांना वाटतं एक्सपोर्टची परवानगी हे तोफा-मिसाइलवाल्यांचं काम, आपण तर साधे सुटे पार्ट बनवतो. स्कोमेट यादी म्हणजे ज्या मालाच्या एक्सपोर्टला परवानगी लागते त्याची सरकारी यादी, तिच्यातली लष्करी मालाची कॅटेगरी ६ एकदा उघडून बघा. मिलिटरी हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेटसुद्धा तिथे आहे (६ए०१३), आणि लष्करी वापरासाठी खास बनवलेले बरेच पार्टही.

स्कोमेटच्या बाकी बहुतेक कॅटेगरींचं लायसन डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) देतं, पण ६ चं संरक्षण मंत्रालयातला संरक्षण उत्पादन विभाग देतो, त्यामुळे चुकीच्या दारात अर्ज टाकून वाट बघत बसू नका.

आधी आयईसी (इम्पोर्टर-एक्सपोर्टर कोड) नंबर पाहिजे, त्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. अर्ज ऑनलाइनच, विभागाच्या पोर्टलवर, सोबत परदेशी गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर किंवा करार, मालाचे टेक्निकल डिटेल्स आणि एंड यूजर सर्टिफिकेट. घोडं अडतं ते ह्या शेवटच्या कागदावर. माल शेवटी कोण वापरणार, कशासाठी, आणि परवानगीशिवाय तिसऱ्याला देणार नाही, हे त्यात लिहून घ्यायचं असतं. अख्खं शस्त्र किंवा सिस्टीम असेल तर तिकडच्या सरकारचा सही-शिक्का लागतो, पार्टसाठी ती अट काढलीय (हे बरं केलं). पण ऑर्डरवर २०० नग आणि सर्टिफिकेटवर २५०, किंवा मधल्या एजंटलाच एंड यूजर दाखवलंय, असं असलं की क्वेरी आलीच समजा.

शस्त्राची नवी केस असेल तर फाइल परराष्ट्र मंत्रालयाकडेही मतासाठी जाते आणि त्यात वेळ जातो, तोच माल त्याच गिऱ्हाइकाला परत पाठवताना मात्र ही फेरी वाचते.

२०१९ पासून ओपन जनरल एक्सपोर्ट लायसनही आहे, अमेरिका, फ्रान्स, जपान अशा ठरावीक देशांना ठरावीक पार्ट पाठवायला दर वेळी नवा अर्ज नको, फक्त झालेले व्यवहार विभागाला कळवत राहायचे. ड्रोनसाठी खास बनवलेले पार्ट यात बसत नाहीत, ते काम करणाऱ्यांनी नेहमीचाच रस्ता धरायचा.

आणि हो, यादीतल्या मालाचं ड्रॉइंग बाहेरच्या गिऱ्हाइकाला ईमेल केलं तरी ती निर्यातच धरली जाते, म्हणून कोटेशनसोबत फाइल जोडायच्या आधी परवानगी लागतेय का ते बघा.