डायलिसेटचं तापमान

डायलिसिसच्या फिल्टरमध्ये पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने उलट दिशेने क्षारांचं पाणी वाहतं, त्या पाण्याला डायलिसेट म्हणतात. मिनिटाला साधारण ५०० मिली धरलं तर चार तासांत १२० लिटर. ते किती गरम ठेवायचं हा ह्या नोंदीचा विषय, कारण डायलिसिस चालू असताना बऱ्याच पेशंटचं बीपी पडतं आणि डायलिसेट थोडं गार ठेवलं तर ते टिकतं असं म्हणतात. (डायलिसिसला परिभाषेत अपोहन म्हणतात, पण ठाणे स्टेशनबाहेर अपोहन केंद्र कुठाय विचारलंत तर रिक्षावाला नुसता बघत राहील, म्हणून इथे डायलिसिसच लिहिलंय.)

बहुतेक ठिकाणी मशीन ३६.५ किंवा ३७ अंशांवर लावलेलं असतं. ३५ ते ३६, किंवा पेशंटच्या अंगाच्या तापमानापेक्षा अर्धा अंश कमी, ह्याला गार डायलिसिस म्हणतात, तसं ते नावालाच गार, हात लावला तर कोमटच लागेल. वरची बाजू जास्त धोक्याची. साधारण ४२ च्या पुढे गेलं की तांबड्या पेशी फुटायची भीती, म्हणून त्याच्या बरंच आधी अलार्म वाजून डायलिसेट फिल्टरला बगल देऊन थेट ड्रेनला जातं.

ह्याची सुरुवात कुठून धरायची ह्यावर मतं वेगळी आहेत. साधारण १९६० च्या सुमाराला सिएटलमध्ये डायलिसिसच्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक, स्क्रिबनर, यांच्याकडे टाकीतलं द्रावण थंड ठेवत असं सांगतात आणि काहीजण तिथूनच इतिहास सुरू करतात, पण ते जंतू वाढू नयेत म्हणून होतं, बीपीचा विचार त्यात नव्हता, त्यामुळे ते इथे जोडणं जरा ओढूनताणून वाटतं. खरा धागा १९७६ च्या आसपासचा. स्टॉकहोमचे बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डायलिसेट बंद ठेवून पेशंटच्या अंगातलं जादा पाणी तेवढं काढलं तर बीपी तितकं पडत नाही. का पडत नाही ह्यावर मग बरीच वर्षं वाद झाला, कोणी म्हणालं युरिया झपाट्याने उतरत नाही म्हणून रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) टिकते, हीमोफिल्ट्रेशनवाले (डायलिसेटऐवजी दाबाने गाळून रक्त साफ करणारे) म्हणाले की ही आमच्या पद्धतीची करामत. १९८०-८१ च्या सुमारास इटलीतल्या माज्जोरे यांनी साधाच प्रश्न पुढे आणला, की डायलिसेट बंद असलं म्हणजे रक्ताला ऊब द्यायला काही नाही, ते नळ्यांतून फिरताना गार होऊनच परत जातं, मग फायदा त्या गारव्याचा नसेल कशावरून? त्यांनी साध्या डायलिसिसमध्येच डायलिसेट गार केलं तर बीपी तसंच टिकलं. वाद अगदी मिटलाय असं नाही, पण उष्णतेचा हिशोब सारखा ठेवून केलेल्या नंतरच्या तुलना बऱ्याचशा माज्जोरेंच्याच बाजूने जातात.

कारण असं मांडतात: पाणी काढल्यावर रक्ताचं आकारमान घटतं, शरीर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळतं, पण त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, ती साठत जाते आणि एका क्षणी त्याच रक्तवाहिन्या सैल पडतात की बीपी धाडकन खाली. रक्त मिनिटाला २५० मिली वेगाने जाऊन एक अंश गार होऊन परत येत असेल तर ढोबळ हिशोबाने १५ वॅट उष्णता निघते, आणि पडून असलेलं शरीर ८० वॅटच्या आसपास तयार करतं, म्हणजे हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गार केल्याने रक्ताच्या सफाईत मात्र फारसा फरक पडत नाही.

२००२ मध्ये माज्जोरे यांच्याच युरोपातल्या अभ्यासात, वारंवार बीपी पडणाऱ्या ९५ पेशंटमध्ये, शरीराचं तापमान वाढू दिलं नाही तर बीपी पडणारी सेशन्स १२ पैकी ६ वरून ३ वर आली (मध्यक). मग २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओतला मायटेम्प नावाचा अभ्यास आला, ८४ सेंटर, १५ हजारांवर पेशंट: हृदयविकार, पक्षाघात वगैरेत काही फरक नाही, बीपीतली घटही जवळपास सारखी, थंडी मात्र जास्त वाजली. ह्यावरून गार डायलिसिस निकालात काढणारे आहेत, पण तिथे प्रत्यक्ष फरक अर्ध्या-पाऊण अंशाचाच पडला होता (३५.८ आणि ३६.४) आणि सरसकट सगळे पेशंट घेतले होते, ज्याचं बीपी दर वेळी पडतं त्याच्यापुरता प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्याकडे तर बरेच पेशंट आठवड्यातून दोनदाच येतात, म्हणजे एका बैठकीला जास्त पाणी काढायचं. वाशीच्या एका सेंटरला सकाळच्या शिफ्टमध्ये जाऊन बघा, मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी, घणसोलीहून आलेले काका पायमोजे आणि घरची गोधडी घेऊनच खुर्चीत बसतात, स्क्रीनवर ३५.५. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले की सिस्टर पाय वर करते, सलाईन सोडते. काका म्हणतात, "थंडी परवडली सिस्टर, चक्कर नको." शेजारच्या मावशींना मात्र ३६.५ च हवं असतं, त्यांचं बीपी पडत नाही मग कुडकुडायचं कशाला, आणि हेही बरोबरच आहे. हुडहुडी भरून दात वाजायला लागले तर मात्र सेटिंगवर ढकलू नये, पाण्यातून किंवा कॅथेटरमधून इन्फेक्शन आहे का ते आधी बघतात.

इथली अजून एक अडचण म्हणजे साध्या मशीनमध्ये हीटर असतो, पाणी थंड करायची सोय नसते. गच्चीवरची काळी टाकी उन्हाळ्यात तापली की आरओतून येणारं पाणीच गरम येतं आणि ३५ चं सेटिंग नुसतं स्क्रीनवर राहू शकतं. त्यामुळे टाकीला सावली असली तर बरं.

पोटाच्या डायलिसिसमध्ये उलट, तिथे द्रावणाची पिशवी अंगाच्या तापमानाला आणून मग पोटात सोडतात, तीही कोरड्या उबेने, गरम पाण्यात बुडवून नाही.